आबांचा थांबा

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या गृहस्थाला सगळी गल्ली पोस्टमन म्हणायची, आणि त्याने जन्मात कुणाच्या दारात एक पत्र टाकलं नव्हतं. म्हणजे खऱ्या दारात नव्हतं. कापडी भिंतीतल्या खोट्या दारात मात्र वर्षानुवर्षं टाकलं. पहिल्या अंकात यायचं, घंटी वाजवायची, "पत्र आहे" म्हणायचं, आतल्या म्हाताऱ्याने दार तोंडावर आपटलं की नाक चोळत परत जायचं. एवढीच भूमिका, पण माणसाला नाव चिकटायला तेवढी पुरते. गल्लीतला खरा पोस्टमन यावर नाराज होता. "पायाचे तुकडे माझे पडतात आणि लोक हसून हात करतात याला," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा.

नाटक जुनं होतं, पणज्यांच्या काळातलं. एक कवडीचुंबक म्हातारा कुणी पैसे मागू नयेत म्हणून बहिरेपणाचं सोंग घेतो. घरची मंडळी त्याच्या तोंडावर त्याचा उद्धार करतात, त्याला शब्दन् शब्द ऐकू येतो आणि तरी भुवई हलवता येत नाही. एवढ्या भांडवलावर अडीच तास. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला आठवत नव्हतं, पण विनोद पोरासोरांना पाठ होते. असल्या नाटकाला लोक पुढे काय होतं ते बघायला जात नाहीत. ठरलेलं ठरल्या जागी होतंय ना, याची खातरजमा करायला जातात.

म्हातारा करायचे आबा. उंचेपुरे, आवाज घागरीतून आल्यासारखा. आणि विंगेत उभा राहून आबांचं प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणणारा होता आपला पोस्टमन. त्याला जगाकडून दुसरं काही नको होतं. पगारवाढ नको, घर मोठं नको. एकदा तो म्हातारा आपल्या अंगावर यावा. त्याच्या बायकोला हे माहीत होतं. "माझ्याशी लग्न केलंस तेव्हाही इतका टक लावून बघत नव्हतास," असं ती म्हणायची, आणि ते खरं होतं.

आता थांब्याचं सांगायला हवं. दुसऱ्या अंकात म्हाताऱ्याचा मेहुणा वाटणीचं बोलणं काढतो. म्हातारा ऐकू न आल्यासारखं करून उठतो आणि कपाटाकडे जातो. इतकी वर्षं आबा नुसते जायचे. शेवटच्या दोन वर्षांत एका प्रयोगाला ते अर्ध्या वाटेत थांबले. वाटेतल्या खुर्चीच्या पाठीवर एक हात, तोंड किंचित उघडं, नजर प्रेक्षकांवर, म्हणजे खरं तर प्रेक्षकांच्या थोडी पलीकडे. बराच वेळ तसेच. मग बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

घरात टाचणी पडलेली नाही, आणि बहिरा विचारतोय कोण आहे. नाट्यगृह कोसळलं. लोक एकमेकांच्या मांडीवर थापा मारायला लागले. हसू ओसरलं तसे आबा हलले आणि जणू काही झालंच नाही असे कपाटाकडे गेले.

पुढच्या प्रयोगाला पुन्हा तेच. लोकांनी त्याला नाव ठेवलं आबांचा थांबा. पान खाऊन आलेली, उशिरा पोचलेली माणसं दारावरच्याला विचारायची, "थांबा गेला का हो?" जसं काही गाडी चुकली. मॅनेजर हा हिशेबी प्राणी. एका माणसाचा पगार वाचावा म्हणून विंगेतून वाक्यं पुरवायचं कामही स्वतःच करायचा. त्याने थांबा ताबडतोब नाटकाच्या प्रतीत चढवून टाकला: इथे थांबणे, खुर्ची धरणे, पलीकडे पाहणे, विचारणे.

मग आबांनी काम सोडलं. काही महिन्यांनी गेले. कशाने गेले ते त्यांच्या बायकोने कुणाला फारसं सांगितलं नाही, आणि नाटकवाल्यांनी फारसं विचारलं नाही, कारण त्यांना म्हातारा कोण करणार ही चिंता पडली होती.

"पोस्टमनला सगळं पाठ आहे," मॅनेजर म्हणाला, "आणि तो मोठ्या नटाइतके मागणार नाही."

"आयत्या बिळावर नागोबा," मेहुण्याचं काम करणारा म्हणाला. त्याचा स्वतःचा डोळा होता त्या बिळावर.

कंपनीचा एक दंडक होता. नवा माणूस जुन्या भूमिकेत शिरला की जुन्याने केलं तसंच्या तसं करायचं. पाऊल तिथेच, श्वास तिथेच. डोकं चालवायचं नाही. आबांचा कोट शिंप्याकडून आखूड करून आणला, पण भूमिका आखूड करायची परवानगी नव्हती. म्हाताऱ्याच्या बायकोचं काम करणाऱ्या बाई फार वर्षांच्या मुरलेल्या. त्यांनी पोस्टमनला समजावलं, "तू फक्त आबा हो. बाकीचं आमच्या अंगवळणी पडलंय." आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं की तालमीत त्या पोस्टमनशी बोलताना त्याच्या डोक्यावरून वितभर वर बघायच्या. आबांचा चेहरा तिथे असायचा.

पहिला प्रयोग झाला आणि पोस्टमन जिंकला. लोकांनी आधी शंका घेतली, मग पाच-सहा विनोद ठरल्या जागी पडल्यावर सैल झाले, आणि थांब्याला तर छत उडालं. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "मिळालं गं मला." ती म्हणाली, "बरं झालं. आता झोप."

चार-पाच प्रयोग असे गेले. आबांची ती नजर आणायला त्याने एक युक्ती काढली होती. डोकं रिकामं करायचं. दुकान नाही, बायको नाही, पुढचं वाक्य नाही. आपण कोण तेही नाही. पाटी पुसावी तसं. मग चेहरा आपोआप तसा होतो. आणि हसू आलं की पाटीवरची अक्षरं परत उमटायची.

एके दिवशी ती उमटायला वेळ लागला.

खुर्चीवर हात होता. समोर अंधार होता आणि अंधाराला डोकी होती. डावीकडे एक बाई आणि एक पुरुष त्याच्याकडे बघत उभे होते. ही माणसं कोण, हे घर कुणाचं, आपण इथे पाहुणे आलो आहोत की काही आणायला आलो आहोत, काही सुचेना. भीतीही वाटेना, हे त्याला मागून जास्त भयंकर वाटलं. त्याने विचारलं, "कोण आहे?" आणि ते नाटकातलं वाक्य म्हणून विचारलं नव्हतं. अंधार खदखदून हसला, तेव्हा कुठे पोस्टमन भानावर आला.

पुढच्या वेळी जरा जास्त. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. शिवाय त्याला पक्कं वाटायला लागलं की त्या जागेवर तो एकटा उभा नसतो. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायला गेलं की लाकूड आधीच कोमट असायचं.

मग हे पाठीमागून घरी आलं. दुकानात एका गिऱ्हाइकाचा चष्मा हातात घेऊन तो काउंटरशी उभा राहिला तो राहिलाच. गिऱ्हाईक बिचारं चष्म्याशिवाय आंधळं, त्याला वाटलं समोर कुणी नाहीच, आणि ते निघून गेलं. दुकानाच्या मालकाने चार शब्द सुनावले. घरी स्वयंपाकघराच्या दारात बायकोने त्याला असाच पाहिला.

"काय हवंय?" तिने विचारलं.

तो तिच्याकडे बघत राहिला, तिच्या थोडा पलीकडे.

"अरे, काय हवंय?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि बऱ्याच वेळाने, "पाणी."

"हे बघ," ती म्हणाली, "तिथे कर काय करायचं ते सोंग. माझ्यासमोर नको. मला ते म्हातारं आवडत नाही."

"मी काही करत नव्हतो."

"म्हणून तर सांगतेय."

त्याने ठरवलं की थांबा गाळायचा. भूमिका हवी, थांबा नको. पुढच्या प्रयोगाला मनाचा हिय्या करून तो खुर्चीपाशी न थांबता सरळ कपाटाकडे चालायला लागला. दोन पावलं झाली नाहीत तोच मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "थांबा!" मग चार जण ओरडले, मग अर्धं नाट्यगृह. गाडीवाल्याला हाक मारावी तसे. विंगेतून मॅनेजर हातवारे करत होता, मेहुणा दाढीआड हसत होता. पोस्टमन परत फिरला, मुकाट्याने खुर्ची धरली, आणि त्या दिवशी तो कुठे गेला होता ते त्यालाच ठाऊक. बाईंनी त्याच्या बाहीला धरून हळूच ओढलं तेव्हा परत आला.

पडदा पडल्यावर मॅनेजर म्हणाला, "थांबा नाही तर म्हातारा नाही. तुला परत पत्रं वाटायची आहेत का?"

"मला तिथे बरं वाटत नाही."

"तुला बरं वाटायला लोक तिकीट काढत नाहीत, बाबा. आबांना बघ, कधी तक्रार केली?"

बरोबर होतं. आबांनी तक्रार केली नव्हती. मग आबा तिथे मनात काय म्हणायचे, कशाला धरून परत यायचे? हे सांगणारं एकच माणूस उरलं होतं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तो आबांच्या घरी गेला.

दार काकूंनी उघडलं. "या पोस्टमन. पत्र आणलंत?"

"नाही, काकू."

"मग नुसतेच या. त्या स्टुलावर नका बसू, त्याचा पाय निघालाय. हे पण बघायला माणूस नाही घरात."

या काकूंबद्दल नाटकवाल्यांत बरंच बोललं जायचं. शेवटच्या दोन वर्षांत त्या आबांना हाताला धरून आणायच्या, तोंड रंगवायच्या खोलीत बसून राहायच्या आणि हाताला धरूनच घरी न्यायच्या. या वयात नवरा कुणाबरोबर पळणार आहे, असं बाई एकदा म्हणाल्या होत्या आणि सगळे खूप हसले होते. काकूंच्या कानावर गेलं असणारच. तरी त्या येत राहिल्या.

पोस्टमनने विचारलं, "आबा त्या थांब्याच्या वेळी मनात काय म्हणायचे?"

"कसला थांबा?"

"तुम्ही पाहिला नाहीत?"

"मी आत असायचे, पावडरीच्या डब्यांत. समोर बसले तर त्यांना दिसेन, आणि दिसले तर नाटक सोडून माझ्याशी बोलायला लागतील, ही धास्ती. मला आत नुसतं हसू ऐकू यायचं."

"करून दाखवू?"

"दाखवा की. घरबसल्या नाटक. कोण नाही म्हणतंय."

स्वयंपाकघरात एक खुर्ची होती. पोस्टमन चार पावलं चालला, थांबला, तिच्या पाठीवर हात ठेवला. तोंड किंचित उघडलं. काकूंच्या थोडं पलीकडे, खिडकीकडे बघितलं. "कोण आहे?"

आणि काकू हसल्या. तोंडातल्या तोंडात नव्हे. पोट धरून, मान मागे टाकून, भांडी ठेवलेल्या फळीवर आवाज घुमेल इतक्या मोठ्याने हसल्या. हसताना त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं. ते पोस्टमनकडे बघत होते, काहीतरी तपासत असल्यासारखे. मग त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबले.

हात काढून त्या म्हणाल्या, "सवय. तुम्ही दचकलात."

"थोडा."

"हे तुम्ही लोकांसमोर करता?"

"आबा करायचे तसंच."

"ते करत नव्हते हो," काकू म्हणाल्या. "त्यांना खरंच कळत नसे."

त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि पाठ करूनच सांगितलं. घरात असे कुठेही थांबायचे. न्हाणीघराच्या दारात, जिन्यात, नेमकं इथे. विचारायचे कोण आहे. पहिल्यांदा काकू नाव सांगायच्या, लग्नाचं साल सांगायच्या. ते हो हो म्हणायचे, परक्या बाईचा मान ठेवावा तसे. एकदा नाटकातच असं झालं, आणि लोक हसले.

"घरी येताना मला म्हणाले, लोक हसले की मला कळतं मी कुठे आहे ते. मग म्हटलं, हसायलाच हवं ना, मी हसते. दिवसातून किती वेळा हसले असेन. शेजारीण पलीकडच्यांना सांगायची, नवऱ्याच्या दुखण्याने हिचं डोकं फिरलं. सांगू दे. ते परत यायचे."

"मॅनेजरला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. तिथे निदान शंभर जण तरी होते हसायला. मी एकटी कुठे पुरणार?"

"आणि शेवटी?"

"शेवटी मी हसले की तेही हसायचे. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून हसतो ना आपण, तसं." काकूंनी चहा गाळला. "साखर एवढी चालेल?"

पोस्टमनने कप हातात घेतला, पण प्यावासा वाटेना. दोन वर्षं तो विंगेत उभा राहून एका माणसाचं हरवणं घोटत होता, आणि तेच त्याने आपल्या अंगात घेतलं होतं, पावलासकट, श्वासासकट. "मी ते बंद करतो," तो म्हणाला. "भूमिका गेली तर जाऊ दे."

"गेली तर तुम्ही काय कराल?"

पोस्टमनने भरलेला कप तसाच खाली ठेवला.

"एकदा मला बघू द्या," काकू म्हणाल्या. "मग तुमचं तुम्ही ठरवा."

काकू रविवारी दुपारच्या प्रयोगाला आल्या आणि मधल्या रांगेत बसल्या. पडद्याच्या फटीतून बाईंनी त्यांना पाहिलं आणि इतरांना सांगितलं. त्यावर कुणी विनोद केला नाही.

दुसऱ्या अंकात मेहुण्याने वाटणीचं काढलं. पोस्टमन उठला. आज थांबायचं नाही, ओरडू दे ओरडायचं त्यांना, असं म्हणतच त्याने पावलं टाकली आणि पाय त्या जागेवर आपोआप रोवले गेले. हात खुर्चीवर गेला. लाकूड कोमट होतं. समोर अंधार, अंधाराला डोकी. "कोण आहे?"

हसू आलं, नेहमीइतकंच आलं, आणि त्याच्या अंगावरून गेलं. या वेळी त्या हसण्याने त्याला तो कुठे उभा आहे ते सांगितलं नाही. हसू ओसरलं, खोकले थांबले. विंगेतून कुणीतरी कुजबुजत होतं, दुसऱ्याच्या घरात दुसऱ्यालाच बोलावावं तसं. डावीकडची बाई एक पाऊल पुढे आली आणि घाबरून तिथेच राहिली. त्याने पुन्हा विचारलं, हे नाटकात नव्हतं. "कोण आहे?"

"मी आहे हो," अंधारातून बायकी आवाज आला. पलीकडच्या खोलीतून कामात असताना सांगावं इतका साधा. "मी आहे इथे. तुम्ही व्हा पुढे."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग लोक असे हसले की रात्रभर गल्ल्यागल्ल्यांत त्याचीच चर्चा होती. पोस्टमनला मात्र हसू ऐकू आलं नाही. त्याला खुर्चीवरच्या आपल्या हातावरचा भार कमी झाल्यासारखं वाटलं. तो कपाटाकडे गेला, पुढचं वाक्य म्हणाला आणि नाटक शेवटपर्यंत नेलं.

मॅनेजर धावतच काकूंकडे गेला. "प्रत्येक प्रयोगाला या. तीच जागा राखून ठेवतो. तेवढंच वाक्य, तसंच्या तसं."

"तुमचा पास तुमच्या मेहुण्याला द्या," काकू म्हणाल्या. "मला जे सांगायचं होतं ते एकदाच होतं."

जाताना त्यांनी पोस्टमनच्या कोटाची कॉलर नीट केली आणि निघून गेल्या.

पुढच्या प्रयोगाला मॅनेजरने पोस्टमनला बजावून ठेवलं होतं, की आज थांबा गाळलास तर उद्यापासून मेहुणा म्हातारा करेल. दुसरा अंक आला. पोस्टमन उठला आणि चालायला लागला. पाय अडतील म्हणून त्याने अंग आखडून घेतलं होतं, पण ते अडले नाहीत. खुर्ची बाजूने निघून गेली, नुसती लाकडी खुर्ची. तो कपाटापाशी पोचला, वळला, आणि पुढचं वाक्य तोंडात आणून त्याने बघितलं तर बाई आणि मेहुणा दोघेही थबकले होते. त्यांच्या अंगवळणी पडलेला तो वेळ त्यांच्या अंगातून गेला नव्हता. दोघेही खुर्चीमागच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. विंगेत मॅनेजरचं बोट प्रतीवर तिथेच थांबलं होतं. पोस्टमनला घाई करावीशी वाटली नाही. तो कपाटाला टेकून उभा राहिला आणि त्यानेही तिकडे बघितलं.

लोकांपैकी कुणी ओरडलं नाही. आधी एक जण हसला, मग बरेच, मग हळूहळू सगळे गप्प झाले. आणि मग पोस्टमनने आपल्या बारीक, घोगऱ्या, चष्म्याच्या दुकानातल्या आवाजात पुढचं वाक्य म्हटलं, आणि म्हातारा पुढे चालू लागला.

पडदा पडल्यावर मॅनेजर तावातावाने आत आला. "थांबा कुठे गेला?"

"झाला की," पोस्टमन कोट काढत म्हणाला. "मी कपाटापाशी होतो. तिथून चांगला दिसला."

मॅनेजरने बाईंकडे बघितलं, म्हणजे या माणसाला वेड लागलंय हे त्यांनी तरी म्हणावं.

बाई आरशासमोर बसून तोंडावरचा रंग पुसत होत्या. "आज नेहमीपेक्षा जरा लांबला," त्या म्हणाल्या, आणि दुसरा गाल पुसायला लागल्या.